चांगुणामावशीची दाढ

लोणावळ्यात दातांचा दवाखाना चालवायचा आणि चिक्कीला नावं ठेवायची नाहीत, हे मला कधी जमलं नाही. दवाखाना उघडला त्याच महिन्यात मी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून भिंतीवर लावली होती: चिक्की, सुपारी आणि बर्फ दातांनी फोडू नये. इतक्या वर्षांत त्या पाटीवर हरकत घेणारं एकच माणूस भेटलं. भाजे गावची चांगुणाबाई. साठीच्या आसपासची, काटक, काष्टा घट्ट मारलेला, उजवा गाल टम्म सुजलेला आणि अंगात ताप. दुखतंय कुठे ते सांगायचं सोडून ती पाटीसमोर उभी राहिली, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसासारखी एकेक अक्षर लावत तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "ह्यातलं चिक्की पुसा."

"का हो?"

"नीट झालेली चिक्की दात मोडत न्हाई. कच्ची आसली तर चिकटती, जळकी आसली तर मोडती. झालेली आपली आपण तुटती. माझी दाढ तांदळातल्या खड्यानं मोडलीया."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सकाळपासून चार दाढा काढून झाल्या होत्या, जेवण व्हायचं होतं, आणि ही बाई मला माझ्याच दवाखान्यात शिकवत होती. मी म्हटलं, मावशी, खुर्चीत बसा आधी. ती बसली, पण पाठ टेकेना. खुर्ची मागे घेण्याचं बटण दाबलं तर दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसून राहिली. "आडवी पडून मी तोंड उघडनार न्हाई. आडवं पडल्यावर तोंडात पाणी घालत्यात." शेवटपर्यंत ती तशीच बसली. तिच्यापुरती मी उभी राहून, कमरेत वाकून काम करायला शिकले. माझ्या कमरेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, वाकायची सवय न्हाई तुमाला, भात लावला आसता तर आसती.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत चिक्कीचा एक जुना कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांचा माल परत आल्याची हकीकत यायची आहे आणि त्यात दोष माझा होता. या कारखान्यात चांगुणामावशी वीसेक वर्षं कढईपाशी उभी होती. गुळाचा पाक कढईत उकळत असतो आणि तो नेमका कधी उतरवायचा यावर सगळा घाणा, म्हणजे त्या कढईतला सगळा माल, अवलंबून असतो. जरा आधी उतरवला तर चिक्की पाघळते, जरा उशीर झाला तर कडू होते. सगळीकडे पाकाचा थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकून त्याची गोळी बोटांनी मोडून बघतात. इथे रीत वेगळी होती. ती गोळी मावशीच्या हातात द्यायची. मावशी ती उजवीकडच्या खालच्या दाढेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि एकदाच चावायची. मग गोळी काढून बादलीत टाकायची. "कच्चा" म्हणाली तर आच तशीच चालू. "वाजला" म्हणाली की दोघं जण कढई उचलायचे. ती बोलेपर्यंत कढईला कुणी हात लावायचा नाही, खुद्द शेठनीसुद्धा.

हे मला पहिल्या भेटीत तिनंच सांगितलं आणि मी हसले. आता सांगायला लाज वाटते, पण हसले.

तिच्या तोंडाची शिस्त मात्र बघण्यासारखी होती. उजवी बाजू कामाची आणि डावी बाजू खायची. भाकरी, मटण, शेंगा, सगळं डावीकडे. उजवीकडे पाकाच्या थेंबाशिवाय काही जायचं नाही. तांदळातला तो खडाही नातू मांडीवर खेळत होता म्हणून चुकून तिकडे गेला, असं ती हळहळून सांगायची. दुपारपर्यंत ती चहा पीत नसे, गरम चहानं दाढ बधिर होते म्हणून. मिश्री तर तिला समोर चालायची नाही. कारखान्यातल्या बायका तिला बघून मिश्रीच्या डब्या कमरेला लपवायच्या. "मिश्रीवालीचा दात मुका आसतो," म्हणायची. आणि चिक्की ती खात नव्हती. "मी चावती, खात न्हाई," असं सांगायची, त्यात जरा तोराही असायचा. एकदा दुकानाच्या पुढल्या बाजूला एक पर्यटक गृहस्थ चिक्की फार कडक आहे म्हणून भांडायला लागले, तेव्हा ही आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "सायेब, कडक न्हाई, खरी हाय. चावत नसंल तर फरसाण घ्या, शेजारीच मिळतं." शेठ म्हणे कपाळाला हात लावून बसले. गृहस्थांनी मात्र दोन पाकिटं जास्त घेतली.

तर ती दाढ. वरचं सगळं उडालं होतं. हिरडीपाशी नुसती कड उरली होती आणि खाली मुळं. सूज उतरल्यावर मी तिला परत बोलावलं, तेव्हा तळेगावहून तिचा मुलगा संतोष सोबत आला. तो तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर, सोसायटीत घर, आईनं आता कढई सोडून आपल्याकडे येऊन राहावं म्हणून कधीचा खनपटीला बसलेला. मी प्लास्टरचे दात हातात घेऊन दोघांना समजावलं. एक उपाय ब्रिजचा. मूळ काढून टाकायचं, पुढचे-मागचे दोन दात घासून लहान करायचे, आणि तिघांवर मिळून एक जोडदात बसवायचा. मजबूत, भरवशाचा, पुढची कितीतरी वर्षं बघायला नको. दुसरा उपाय कॅपचा. मूळ ठेवायचं, रूट कॅनाल करायचं, आत आधाराला पोस्ट म्हणजे बारीक काडी घालून वर कॅप. शेजारच्या दातांना हात लागत नाही. पण तिचं मूळ पातळ झालेलं होतं. जोर पडला तर ते उभं चिरेल, आणि चिरलं की काढण्यावाचून इलाज नाही.

"ब्रिज करून टाका डॉक्टर," संतोष म्हणाला. "एकदाच काय ते."

मलाही तेच करायचं होतं. मावशी प्लास्टरचे दात हातात घेऊन उलटसुलट करत होती. "हे दोन घासायचे म्हणता, हे कीडलेत का?"

"नाही, चांगले आहेत."

"मग ह्यांनी काय केलंय?"

"त्यांनी काही केलेलं नाही मावशी. मधल्याला आधार लागतो."

"आनि मधल्याला मूळ आसतं का?"

"नाही. तो वरच्यावर असतो. हिरडीला नुसता टेकलेला."

"मग त्याला कळनार कसं?"

"दाताला काय कळायचंय?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते. "तुमी दाताच्या डाक्टर न्हवं? दाताला कळतं. पाक वाजला का न्हाई ते जिभेला न्हाई कळत, दाताला कळतं. मुळापासनं कळतं."

संतोष मध्ये बोलला, "आई, आता तुला कुठं चावायचंय? झालं की सगळं. घरी बसून मऊ भात खा."

"तू भाईर बस," ती म्हणाली. चाळिशीचा सुपरवायझर निमूट उठून बाहेर जाऊन बसला. "आता सांगा. हाडात खिळा ठोकून दात बसवत्यात म्हणे, त्याला कळतं का?"

"त्याला तर मुळीच नाही."

"मग ती टोपीच घाला. किती दिस टिकंल?"

"सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं. नशीब असेल तर जास्त. मी तुमच्या जागी असते तर ब्रिज केला असता."

"तुमी न्हाई ना माझ्या जागी. तोंड माझं हाय."

संध्याकाळी मी कॉलेजमधलं जाडजूड पुस्तक काढून बघितलं. लिहिलेलं होतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, चावताना किती जोर पडला, काय टणक आणि काय मऊ, ते त्या पडद्यातून कळतं. मूळ गेलं की तेही जातं. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. मी पुस्तक मिटलं.

रूट कॅनाल केलं, पोस्ट घातला, धातूची कॅप बनवून घेतली. पांढरी हवी का विचारलं तर म्हणाली, "मला कुनाला दाखवायचीया?" कॅप बसवली आणि तिथे मी शहाणपण केलं. असं पातळ मूळ असेल तर आम्ही डॉक्टर लोक कॅप केसभर बुटकी ठेवतो. तोंड मिटलं की बाकीचे दात भेटतात, पण ही कॅप समोरच्या दाढेला टेकत नाही, म्हणजे जोर शेजारचे दात घेतात आणि मूळ जास्त दिवस जगतं. त्यात चूक काही नाही, शिकवतातच तसं. दातांमध्ये निळा कागद धरून मी तपासलं, कॅपवर निळा ठिपका उमटला नाही, म्हणजे काम चोख. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आठवडाभर वेगळं वाटेल, मग सवय होईल."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे मला जास्त लागलं ते हेच.

श्रावणातले दिवस होते. लोणावळ्यात त्या दिवसांत माचिसची काडीसुद्धा ओढून पेटत नाही, चिक्कीचं तर विचारायलाच नको. मावशी कढईपाशी उभी राहून थेंब चावत होती आणि थेंब पुरता चावला जात नव्हता. पाक झाला की नाही ते दात शेवटी जिथे एकमेकांना भेटतात तिथेच कळतं, आणि नेमका तेवढाच केसभर भाग मी कापून ठेवला होता. तिला वेगळं वाटत होतं, पण डाक्तरीण म्हणाली होती सवय होईल. तिनं अंदाजानं "वाजला" म्हटलं. एकदा नाही, सलग तीन दिवस. आठवड्यात दुकानांतून माल परत यायला लागला. पाकिटाच्या आत चिक्की कागदाला चिकटून लोळागोळा झालेली. कारखान्यात आता धाकटे शेठ बसायचे, मोठ्यांनी काम सोडलं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्यानं कढईला एक काट्याचा थर्मामीटर लावला, आकडा ठरवून दिला आणि मावशीला म्हणाला, "मावशी, तुमचं वय झालं. उद्यापासून पॅकिंगला बसा, खुर्ची देतो." वीस वर्षं जिच्या तोंडातून शब्द निघाल्याशिवाय कढई हलली नाही, तिला सगळ्यांसमोर खुर्ची दिली. खुर्चीवर ती बसली नाही, एवढंच.

त्या दिवशी ती वेळ न घेता दवाखान्यात आली. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. ती दारातच उभी राहिली.

"काय केलंस माझ्या दाताला?"

आजवर मला ती तुमी म्हणायची. त्या दिवशी तू झाले ती कायमची.

मी पेशंटला थांबायला सांगितलं. खोटं बोलता आलं असतं. सवय होतेय, थोडा वेळ द्या, असं काहीही. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून जमेना. मी सांगून टाकलं. मूळ टिकावं म्हणून बुटकी ठेवली, तुमच्या भल्यासाठी.

"मला इचारलंस?"

"नाही."

"का न्हाई इचारलंस?"

विचारायला कुणी शिकवलेलं नव्हतं, हेच खरं उत्तर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता.

"दात टिकवून मी काय करू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "देवापुढं ठेवू? तीन दिस मी खोटं बोलले. मला ठावं नव्हतं तरी वाजला म्हणले, तुज्या भरवशावर. लोकं कच्चं खात्यात त्ये माझ्या तोंडचं. दोन वर्सं टिकू दे न्हाईतर दोन म्हैने. पर कामाचा पायजे."

मी कॅप काढली आणि नवी, जराशी उंच बनवून घेतली. या वेळी बसवताना निळा कागद तिनं हातानं बाजूला सारला. सोबत स्टीलचा डबा आणला होता. त्यात तीन वाट्या, प्रत्येकीत वेगवेगळ्या वेळी काढलेले पाकाचे थेंब. एकीत कच्चे, एकीत झालेले, एकीत थोडे पुढे गेलेले. दिसायला सगळे सारखे पिवळसर. "तू सरमिसळ कर," म्हणाली आणि डोळे मिटून बसली, ताठच. मी एकेक थेंब तिच्या हातावर ठेवायची. ती चावायची, "ह्यो कुटला त्ये कळंना, आजून घास." मी कॅप जराशी घासायची, पुन्हा थेंब. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. बाहेर तीन माणसं खोळंबली होती, त्यातला एक उठून गेला. शेवटी तिनं एक थेंब चावला आणि डोळे न उघडता म्हणाली, "कच्चा." बरोबर. दुसरा. "पुढं गेलाय." बरोबर. तिसरा दाढेखाली गेला आणि एवढासा आवाज झाला, मलाही ऐकू आला. "वाजला," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. भिंतीवरच्या पाटीतला चिक्की हा शब्द मी त्याच दिवशी खोडला. सुपारी आणि बर्फ अजून आहेत.

दात झाला पण कढई गेली होती ना. दुसऱ्या दिवशी ती कढईपाशी जाऊन उभी राहिली. धाकटे शेठ म्हणाले, मावशी, पॅकिंगला. ती म्हणाली, पॅकिंग सांजच्याला करते. भांडली नाही, पण हललीही नाही. रोज सकाळी कढईपाशी उभी राहायची, थेंब उचलायची, चावायची आणि जे असेल ते म्हणायची. कुणी ऐको न ऐको. नव्या गुळाची गाडी आली त्या दिवशी काटा ठरलेल्या आकड्यावर आला, शेठनी कढई उतरवा म्हटलं, ही म्हणाली कच्चा हाय. उतरवली. तो घाणा ओट्यावर पसरला तो संध्याकाळपर्यंत सुकला नाही. दुसरा घाणा चढला, काटा पुन्हा तिथेच आला, तेव्हा तिनं पदर हाताला गुंडाळून कढईचा कान धरला आणि उभी राहिली. "उतरवायची आसंल तर माझ्यासकट उतरवा." शेठ दोन मिनिटं थांबले. मग तिनं थेंब चावला, वाजला म्हणाली आणि आपणहून कान सोडला. तो माल परत आला नाही. त्यानंतर तिला पॅकिंगला बसा असं कुणी म्हटलं नाही. थर्मामीटरही राहिला. ती त्याच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. "त्यो काटा खोटं न्हाई बोलत," म्हणायची, "त्याला गुळाचं ठावं न्हाई, इतकंच."

दर चार महिन्यांनी ती माझ्याकडे यायची. मी एक्स-रे काढायची, मूळ बघायची आणि मनात म्हणायची, हे मूळ पुस्तकाप्रमाणे आत्तापर्यंत चिरायला हवं होतं. येताना कधी वालाच्या शेंगा आणायची, कधी करवंदं, चिक्की कधीच नाही. "तुज्या पेशंटास्नी काय सांगशील," म्हणून हसायची. संतोष मध्ये मध्ये फोन करून विचारायचा, मॅडम, ब्रिजचं बघा ना. मी म्हणायची, तुमच्या आईला तुम्हीच सांगा. त्यावर तो फोन ठेवून द्यायचा.

चार पावसाळे ती दाढ चालली. मग एका सकाळी ती आली, नेहमीसारखी ताठ बसली आणि म्हणाली, "गेली." एक्स-रेची गरजच नव्हती. मूळ उभं चिरलं होतं, कॅप हाताला हलत होती. मी काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "लय केलं हिनं."

मला रडू आलं. पेशंटसमोर मी रडत नाही, पण आलं. ते लपवायला मी घाईघाईनं बोलत सुटले. आता तरी ब्रिज करू या, दोन्ही शेजारचे अजून खणखणीत आहेत, आधार चांगला मिळेल. मोकळी जागा ठेवली तर वरची दाढ खाली उतरत येते, बाजूचे दात झुकतात.

"झुकू दे. म्हातारपनी सगळीच झुकत्यात." तिनं कापूस दातांत धरला आणि त्यातूनच बोलली. "त्या दोघांना हात लावायचा न्हाई. चांगल्याला घासून खोट्याला उभं करायचं, ह्ये मला जन्मात पटायचं न्हाई."

"पण कढई?"

तिनं दाराकडे मान वळवली आणि हाक मारली. बाहेरच्या बाकावरून एक बाई उठून आत आली. चाळिशीची, सावळी, पायात चपला नाहीत, त्या ती दाराबाहेर काढून आली होती. हिराबाई. भाज्याच्या वर डोंगरात जी वाडी आहे तिथली. कारखान्यात शेंगदाणे पाखडायला होती.

"हिला आठ म्हैने झालं शिकवतेय," मावशी म्हणाली. "दाढ करकरायला लागली तवाच हिला धरली. जलमात मिश्री लावली न्हाई हिनं. हिचं तोंड बघ आनि सांग, टिकंल का."

मी हिराबाईला बसवलं. ती लगेच आडवी झाली, मला चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. बत्तीस दात, एक कीड नाही, दाढा घट्ट. इतकं निरोगी तोंड मी त्या वर्षात दुसरं बघितलं नव्हतं. तसं सांगितलं तर मावशीनं असा चेहरा केला, जणू ते दात तिनंच घडवले होते.

"शेठला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणला, मावशी, आता कशाला, थर्मामीटर हाय की. आनि बायका कुरकुर करायला लागल्या. म्हणत्यात, डोंगरावरच्या बाईनं तोंडात घातलेल्या पाकाची चिक्की आमी करायची का? मी इचारलं, वीस वर्सं माझ्या तोंडातला थेंब चालला, मग हिच्या तोंडाला काय झालं? तवा सगळ्या उठून आपापल्या कामाला लागल्या." हिराबाई खाली बघत होती. "आनि तूबी खाली नगं बघू," मावशी तिला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एका पेशंटला तपासून परतताना मी वाकडी वाट करून कारखान्यात गेले. कारण काही नव्हतं. बघायचं होतं, एवढंच. आत गुळाचा वास आणि धग. कढईपाशी हिराबाई उभी होती आणि मावशी तिच्यापासून चार पावलं लांब, भिंतीशी, पिशवी खांद्याला लावून. मला वाटलं ती सांगेल, खूण करेल. ती कढईकडे बघतसुद्धा नव्हती. धाकटे शेठ थर्मामीटरशी वाकलेले. काटा आकड्यावर आला. त्यांनी हात वर केला आणि दोघं जण कढईच्या कानांना फडकी लावायला पुढे झाले.

हिराबाईनं थेंब उचलला, दाढेखाली ठेवला, डोळे मिटले. चावला. डोळे उघडून ती शेठकडे नाही, भिंतीकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, न्हाई झाला."

"मला काय सांगतीस?" चांगुणामावशी म्हणाली. "मी आता कोन हितं? मालकाला सांग."

ओट्याशी बसलेल्या सगळ्या बायका बघत होत्या. हिराबाईनं थेंब बादलीत टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि मान वर करून धाकट्या शेठच्या तोंडाकडे बघितलं.

"न्हाई झाला. हात लावू नका कढईला."

शेठनी काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. फडकी घेतलेले दोघं एक पाऊल मागे सरले. चांगुणामावशीनं पिशवी सावरली, मला बघून नुसती मान हलवली आणि पाच मिनिटांत सुटणारी मळवलीची गाडी गाठायला स्टेशनच्या वाटेला लागली.